सरासरीवर न थांबणारे हटवारभाऊ

माझे सासरे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी हटवारभाऊ आमच्याकडे बसायला आले. सतरंजीवर भिंतीला टेकून बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. बाकीची माणसं 'फार चांगले होते हो' वगैरे म्हणत होती. हटवारभाऊंनी मात्र आमच्या ह्यांच्याकडे झुकून हळूच विचारलं, "तुमचे बाबा एक्क्याऐंशीचे होते ना? तुमच्या खानदानात कमाल किती?"

ह्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी डोळे पुसत सांगितलं, की आजोबांचे एक भाऊ चौऱ्याण्णवपर्यंत होते.

"आन् किमान?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो या माणसाच्या डोक्यात घालावा असं मला अगदी मनापासून वाटलं. कोणीतरी मला दंडाला धरून आत नेलं म्हणून वाचले ते.

हे हटवारभाऊ आमचे सख्खे शेजारी. आम्ही छत्तीसगडात, भिलाईच्या हुडको वसाहतीत राहतो. त्यांच्या आणि आमच्या अंगणात कमरेइतकी एक भिंत, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोबर समोर. त्यामुळे मी इथे जे सांगते आहे, ते ऐकीव नाही. मी कडू जिभेची बाई म्हणून वस्तीत प्रसिद्ध आहे, पण खोटं बोलत नाही. निदान हटवारभाऊंबद्दल तरी बोलायची गरज पडत नाही.

त्यांची नोकरी जवळच रसमड्याला, एका खासगी लोखंडाच्या कारखान्यात. तिथल्या भट्टीचं तापमान, पाणी, वीज, सगळ्याचे आकडे पाळीपाळीला मशीनमधून यांच्याकडे येतात. हजारो ओळींच्या फायली. त्या फायलींमध्ये काय आहे ते यांनी साहेबांना चार ओळींत सांगायचं, एवढंच काम. हे काम जगात बरीच माणसं करत असतील. पण ती माणसं फाइल उघडून बघतात. हटवारभाऊ फाइल उघडत नाहीत.

"उघडून काय दिसते, वहिनी? नुसती गर्दी दिसते. फाइलले इचारा लागते," ते म्हणतात.

विचारायची पद्धत अशी. त्यांचा लॅपटॉप उघडला की त्यावर ना चित्र, ना बटण. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. त्या रेघेपुढे हे एका बोटाने एक ओळ टाइप करतात, एंटर मारतात, आणि ती हजारो ओळींची फाइल शहाण्या सुनेसारखी मोजकं बोलून गप्प बसते. ओळी किती, रिकाम्या जागा किती, किमान, कमाल, सरासरी, मधला. झालं. हे समाधानाने मान डोलावतात आणि चहा मागतात. साहेब लोक रंगीबेरंगी तक्ते पाठवतात, गोल गोल चित्रं काढलेले. त्यांना हे 'रांगोळी' म्हणतात आणि आधी सगळा रंग काढून टाकतात.

एकदा मी विचारायची चूक केली, की मधला म्हणजे काय. हटवारभाऊंना असं कोणी काही विचारलं, की त्यांचा चेहरा लाडू मिळालेल्या पोरासारखा होतो. त्यांनी तिथल्या तिथे अंगणात मला समजावलं.

"समजा, साऱ्या आकड्याइले पीटीच्या मास्तरावानी उंचीनं रांगेत उभं केलं. ठेंगना इकडं, उंच तिकडं. बरोब्बर मधात जो उभा हाये, थो मधला. आता सरासरी काय करते? रांगेत एखादा ताडमाड घुसला, का ती त्याच्या मागं पयते. तिले कोनीबी फितवते. मधला मात्र जागचा हालत नाई."

"बरं," मी म्हटलं आणि भात लागायची भीती सांगून आत पळाले.

पण हा माणूस अंगणात समजावून थांबणारा नव्हे. त्यांच्या भाचीचं लग्न जमवायचं होतं. भंडारा, गोंदिया, नागपूर, रायपूर, सगळीकडून मुलांचे बायोडाटा आले. हटवारभाऊंनी ते सगळे एका फाइलीत घातले आणि काळ्या पडद्याला विचारलं. मग घरच्यांना जमवून निकाल सांगितला. पगाराची सरासरी चांगली दिसते, पण ती एका कॅनडावाल्यानं वर नेली आहे, तिच्यावर जाऊ नका. वयाचा आकडा ठीक. "उंचीत मात्र रिकामे भल्ले हायेत. ज्यानं उंची लिवली नाई, थो ठेंगना समजा." भाची रडत उठून गेली. पुढे तिने या फाइलीत नसलेल्याच एका मुलाशी लग्न केलं, आणि हटवारभाऊंनी आहेर देताना तिला प्रेमाने सांगितलं, की तुझा नवरा आमच्या मोजणीत नव्हता, म्हणून मला काही बोलता येत नाही.

सिविक सेंटरच्या बाजारात आम्ही दोन्ही घरं मिळून चाट खायला गेलो, तर चाटवाल्याला यांनी विचारलं, की दिवसाला जास्तीत जास्त किती प्लेटा जातात. तो खूश होऊन सांगायला लागला, तेव्हा म्हणाले, "वो मेले का दिन रहा होगा. बीच का दिन बताओ." चाटवाल्याने आमच्या प्लेटांत शेव कमी टाकली.

आता यांच्या बायकोबद्दल. हसू तिथे संपतं.

पुष्पावहिनी तुमसरकडच्या. लग्नाआधी तिकडे मराठी शाळेत शिकवत होत्या. इथे आल्या आणि बघतात तर काय, आपल्याच माणसांची पोरं आईला 'मम्मी, मेरेको भूख लगी' म्हणून सांगतात. नागपूरकडून रेल्वेत आलेली घरं, भंडाऱ्याकडून कारखान्यात आलेली घरं, सगळीकडे तेच. वहिनींनी आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांसाठी वर्ग सुरू केला. रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी. कापडी पिशवीत खडू, चित्रांची कार्डं आणि गोळ्यांची बरणी घेऊन त्या निघायच्या. ठेवणीतली साडी नेसायच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांची मुलगी हैदराबादला असते, फोन करते, पण तीसुद्धा हिंदीतच बोलते. सांगायचं काय, तर त्या वर्गाखेरीज त्या बाईजवळ स्वतःचं असं काही उरलं नव्हतं.

मुलं सुरुवातीला खूप यायची. मग कोचिंग आलं, क्रिकेट आलं, पोहणं आलं. कधी तीन, कधी दोन. कधी कोणीच नाही. तसं झालं की वहिनी मला भिंतीपलीकडून सांगत, पेपर होते म्हणे, कोणाचं तरी लग्न होतं म्हणे. मी हो म्हणत असे. गणपतीत मात्र, आधीच्या महिनाभराच्या रोजच्या तालमींपासूनच, हॉल भरून जायचा. नाटुकली, गाणी, मोदक. संक्रांतीलाही भरायचा. हजेरी ठेवायला हटवारभाऊंनीच त्यांना मोबाइलवर दोन कॉलमचा तक्ता करून दिला होता, तारीख आणि आकडा. वहिनी तो नेमाने भरायच्या.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या अध्यक्षांच्या मनात आलं, की हॉल योगावाल्यांना द्यावा. या माणसाला मराठीचा पुळका फक्त भाषणात येतो. मी मंडळाची सहसचिव. मी भांडले. इतकी भांडले, की शेवटी ते म्हणाले, बरं, सरासरी दहा मुलं येत असतील तर वर्ग राहू द्या. मी मनातल्या मनात लगेच गणपतीतली गर्दी मोजली. सरासरी दहाच्या वर जाणार याची मला खात्री होती. घरी आले आणि वहिनींना भिंतीवरून सांगितलं, निवांत झोपा.

अध्यक्ष म्हणाले, "आकडा हटवारजी सांगतील. त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

मला तेव्हासुद्धा काही वाटलं नाही. त्यांच्याच बायकोचा वर्ग होता ना!

बैठकीला हटवारभाऊ लॅपटॉप घेऊन आले. फाइल घरून बघून आले नव्हते. आधी बघणं त्यांच्या धर्मात बसत नाही, सगळ्यांसमोर विचारायचं आणि जे येईल ते वाचायचं. वहिनी मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हटवारभाऊंनी एका बोटाने ओळ टाइप केली, एंटर मारला आणि वाचायला लागले.

"किमान शून्य."

वहिनींनी खाली बघितलं. हटवारभाऊ क्षणभर अडखळले. आपली बायको कधी कधी त्या हॉलमध्ये एकटीच बसून परत येते, हे त्यांना त्या काळ्या पडद्यानेच सांगितलं असावं. पण वाचायचं काही थांबले नाहीत.

"कमाल त्रेसष्ट. सरासरी बारा."

"झालं तर!" मी जोरात म्हटलं आणि टाळी वाजवली. अध्यक्षांनी तोंड वाकडं करून पेनाला टोपण लावलं. दुसरा कोणीतरी चहा सांगायला उठला. हटवारभाऊंनी लॅपटॉपचं झाकण खाली केलं असतं, तर हा लेख मला लिहावा लागला नसता.

"पन मधला तीन हाये," हटवारभाऊ म्हणाले.

"म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

झालं. चेहरा लाडू मिळाल्यासारखा. पीटीचा मास्तर आला, रांग आली, ताडमाड माणूस आला. "अर्ध्या दिवशी तीन पोट्टे, नाईतं तीनाच्याबी खाली. थे जे मोठे आकडे दिसून राहिले, थे गणपतीचे हायेत. त्याइनं सरासरी वर नेली." आमच्या अध्यक्षांना आयुष्यात कधी कोणती गोष्ट पहिल्या खेपेत समजलेली नाही. ही समजली. त्यांनी टोपण काढलं आणि वहीत लिहून घेतलं. रविवारपासून योग.

वहिनी रडल्या नाहीत. पिशवी उचलली आणि सरळ घराकडे चालायला लागल्या. मी हटवारभाऊंना हॉलच्या पायरीवरच गाठलं.

"तुम्हाला सरासरी विचारली होती!"

"सांगितली ना. बारा."

"मग तिथं थांबायचं होतं!"

"थांबलो असतो तं झूठ झालं असतं, वहिनी."

"न बोललेलं झूठ कसं होतं हो? तुम्ही काही खोटा आकडा सांगत नव्हता!"

त्यांनी खरोखर विचार केला. पायरीवर उभं राहून, डोळे बारीक करून. "आकडा खराच राहिला असता," ते म्हणाले. "मी झूठा झालो असतो."

मला अशा माणसांचा संताप येतो. स्वच्छ राहायची यांना फार हौस, आणि धुणं मात्र कायम घरातल्या बाईच्या वाट्याला. अध्यक्षांनी इतकी वर्षं मंडळात काय काय दडपलं, ते मला माहीत आहे. त्या दिवशी त्या सबंध हॉलमध्ये एक माणूस खरं बोलला, आणि त्या खऱ्याने फक्त एका बाईचं नुकसान केलं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यांनी मान डोलावली, म्हणजे मुद्दा पोचला, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, तर समोरच्या खिडकीतून आवाज आला, "खाना लगा दिया है. आ जाइए."

मला वाटलं पाहुणे आले असतील.

"भाजीत मीठ कमी हाये," हटवारभाऊंचा आवाज.

"नमक सामने रखा है."

मी लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले. पुष्पावहिनी नवऱ्याशी हिंदीत बोलत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. दुपारी मी भिंतीशी गेले. माझ्याशी त्या नेहमीसारख्याच मराठीत बोलल्या.

"अवो कुंदा, मधला सांगितला तं सांगितला. मले त्याचं काई नाई. पन मी तिथं एकटी बसत होती, हे चार लोकांत कावून वाचलं त्यानं? घरी येऊन मले इचारलं असतं, तं मी सांगितलं नसतं का?" पदराने तोंड पुसलं. "आता मराठी शिकाले कोनी येत नाई, हे त्यानंच सिद्ध केलं ना? मंग घरात तरी कोनासाठी बोलू?"

मला वाटलं, दोन दिवसांचा राग. दिवाळी आली आणि गेली. वहिनी चकल्या तळताना म्हणत, "ज़रा हट जाइए, तेल गरम है." भाऊबीजेला हैदराबादहून फोन आला, तोही हिंदीत. वहिनींचं हिंदी मालिकांमधल्या सासवांसारखं शुद्ध, 'आप', 'जी', 'लीजिए'. एकही शब्द उद्धट नाही. शिवी दिली असती तर बरं, असं मला खिडकीतून ऐकताना वाटायचं. हटवारभाऊ आपले दर वेळी मराठीतच उत्तर द्यायचे. "चहा झाला का?" "कप में डाल दी है." "पानी आलं का नळाले?" "आके चला गया." मी हसत होते, हे कबूल. पहिले काही दिवस.

मग एका संध्याकाळी हटवारभाऊ आमच्याकडे आले. माझे यजमान ड्यूटीवर दुर्गला गेले होते. मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते. हटवारभाऊ दारातल्या स्टुलावर बसले. हातात लॅपटॉप नव्हता. मी समजले, मध्यस्थी करा म्हणायला आले आहेत. मग मी काय सोडते! मनात साठवून ठेवलेलं सगळं काढलं. अक्कल गहाण ठेवली का, बायको म्हणजे काय फाइल वाटली का, तिची चव्हाट्यावर शोभा करून तुम्हाला काय मिळालं, तुमच्या त्या काळ्या पडद्याला आग लागो. बोलता बोलता माझा श्वास संपला.

"बोला ना," हटवारभाऊ म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी वर बघितलं. त्यांनी डोळे मिटून डोकं चौकटीला टेकवलं होतं.

"थांबू नका, वहिनी. आनखी शिव्या द्या. नाईतं काईबी बोला. भाजीचं बोला." ते डोळे न उघडताच म्हणाले, "कारखान्यात दिवसभर हिंदी. पोरगी हिंदी. घरी गेलो तं... आपल्या घरात मले कोनी आपलं बोलतच नाई आता. मले फक्त ऐकाचं हाये."

माझा राग गेला नाही. आजही गेलेला नाही. पण हातातली सुरी थांबली होती, ती मी पुन्हा चालवायला लागले आणि बोलत सुटले. ही वांगी आजची आहेत, पण बियाळ निघाली. भाजीवाली कशी लबाड आहे. दाण्याचा कूट संपत आला. तीळ घालावेत की नाही. मी एरवी इतकं निरर्थक कोणाशी बोलत नाही. ते ऐकत होते. मधेच 'व्हय' म्हणायचे.

मग ते रोजच यायला लागले. यायचे, स्टुलावर बसायचे, मी फोडणी देता देता काहीबाही सांगायचे. आमचे हे म्हणाले, हा माणूस आपल्याकडे का येऊन बसतो. मी म्हटलं, रेडिओ ऐकायला.

परवा असेच बसले होते. पलीकडून हाक आली. "सुनिए, खाना ठंडा हो रहा है."

रोज या हाकेला ते 'आलो, आलो' म्हणून उठायचे. त्या दिवशी उठले, आमच्या अंगणात भिंतीपाशी गेले. मग दमलेल्या आवाजात म्हणाले, "आ रहा हूँ, पुष्पा."

पलीकडे काहीतरी खाली पडलं, ताट असेल किंवा झाकण. ते फरशीवर गरगरत राहिलं. मग वहिनी धावत अंगणात आल्या. पिठाचे हात तसेच, पदर सुटलेला.

"तुमी नोका!" त्या ओरडल्या. "तुमी नोका बोलू तसं! मी बोलीन काईबी, मले राग हाये. तुमी कावून बोलून राहिले? तुमीबी तसे बोल्ले तं मी कोनाचं ऐकू जी?"

आणि त्या रडायला लागल्या. बैठकीत रडल्या नव्हत्या, ते सगळं आता रडल्या.

फाटकातून वळसा घालून जायला अर्धं मिनिट लागलं असतं. हटवारभाऊंनी भिंतीवर दोन्ही हात टेकले, एक पाय वर घेतला, चष्मा पडला तो पडू दिला, आणि त्या वयात ते भिंतीवरून पलीकडे गेले.